दुखू न देणारी पूड

बाबांना अर्धांगवायू झाला त्या वर्षी मी मुंबईहून मालवणला परत आले. दातांच्या डॉक्टरकीची पदवी हातात होती आणि कॉलेजात पुढे शिकायचं ठरत आलं होतं. ते राहिलं. आईला एकटीला बाबांची कूस बदलता येत नव्हती. मी आले ती चार महिन्यांसाठी असं सगळ्यांना सांगून आले, आणि हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं.

बाजारपेठेत एका जुन्या डॉक्टरांचा दवाखाना होता. साठीच्या आसपासचे, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. त्यांना मदतीला कोणीतरी हवं होतं आणि मला घराजवळ काम. मी जायला लागल्यावर लोक त्यांना थोरले डॉक्टर आणि मला धाकली डॉक्टरीण म्हणू लागले. मी त्यांना सर म्हणायची. त्यांनी मला शिकवलेलं नव्हतं, पण दुसरं काही तोंडात बसलं नाही. पेशंटशी ते मालवणीत बोलत, माझ्याशी मात्र पुस्तकी मराठीत, कारण दोघंही मुंबईच्या कॉलेजातले.

सरांचा हात हलका, अशी त्यांची ख्याती होती. कुणकेश्वरहून, तोंडवलीहून, कधी थेट बांद्याहूनही लोक सकाळच्या एसटीने येत आणि दुपारच्या गाडीने परत जात. ख्यातीचं खरं कारण मला लवकरच कळलं. सरांनी मुळातून भरलेला दात नंतर दुखत नसे.

मुळातून दात भरायचं काम तसं सांगायला सोपं आहे. दाताच्या आतली नस मेली किंवा सडली, की ती काढायची. मुळातली पोकळी बारीक कानशींनी घासून साफ करायची. तिच्यात गट्टापर्चाची, म्हणजे रबरासारख्या चिकाची, कांडी बसवायची, आणि कांडी न् दाताची भिंत यांच्यामध्ये जी फट उरते ती सिमेंटने बुजवायची. हे सिमेंट म्हणजे झिंक ऑक्साइडची पांढरी पूड आणि लवंगेच्या तेलातला अर्क. काचेच्या तुकड्यावर दोन्ही पातीने घोटून मलमासारखं करायचं, की ते आत जाऊन घट्ट होतं. त्याने भिंतीला धरलं पाहिजे. नाही धरलं तर बाकीची सगळी मेहनत वाया.

सर ही पूड घरी तयार करत. झिंक ऑक्साइडमध्ये थोडी राळ कुटून घालत. राळेने सिमेंट चिकट होतं, ते बरोबरच होतं. विकतच्या पुडीतही ती असते. होड्यांच्या फटी बुजवायला लोक जिथून राळ नेत, त्याच दुकानातून सरही आणत आणि वस्त्रगाळ करत. पण त्यात ते आणखी दोन गोष्टी घालत. एक पॅराफॉर्मची, म्हणजे घट्ट फॉर्मालिनची पूड, जी उरलीसुरली नस मारून टाकी. दुसरी, सूज उतरवायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, खलात कुटून. हे सगळं एका तपकिरी बाटलीत. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, पेशंट घरी गेला की त्याला झोप लागली पाहिजे, बाकी पुस्तकात काय लिहिलंय ते मलाही माहीत आहे.

दवाखाना त्यांचा होता, बाटली त्यांची होती. मीही तीच पूड वापरू लागले. खरंच कोणी दुखतं म्हणून परत येत नसे.

माझे दिवस एकासारखे एक जात होते. सकाळी बाबांना अंघोळ घालायची, भरवायचं, मग दवाखाना. दुपारी वीज जायची. कांड्या उकाड्याने मऊ पडायच्या, पूड दमट हवेने ओलसर व्हायची आणि सिमेंट घोटता घोटता काचेवरच आवळायचं. संध्याकाळी परत बाबा. हाताला लवंगेचा वास इतका मुरला होता की मी कालवलेला भात बाबा तोंड वेडंवाकडं करून गिळत. बोलता येत नव्हतं म्हणून तेवढंच करत. आई म्हणायची, चमच्याने भरव. मग चमच्याने भरवायला लागले.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एक दिवस सर कुडाळला लग्नाला गेले होते. तोंडवलीची एक मासळी विकणारी बाई आली. बाजारात तिचा आवाज लांबूनही ओळखू यायचा. टोपली बाहेर पायरीवर ठेवून ती खुर्चीत बसली आणि ओठ वर करून दाखवला. वरच्या सुळ्याच्या मुळाशी हिरडीवर एक पुळी होती. फुटायची, सुकायची, परत भरायची. तो सुळा सरांनी काही वर्षांपूर्वी भरलेला.

"दुखणा नाय गो," ती म्हणाली. "पण तोंडाक सगळो वेळ खारट लागता. गिऱ्हायकाशी बोलूक लाज वाटता."

मी वरचं भरण काढलं. आतली कांडी चिमट्यात धरली आणि ओढण्याआधीच ती बाहेर आली. तिच्याभोवतीचं सिमेंट ओल्या खडूसारखं भुसभुशीत झालं होतं आणि त्याला घाण येत होती. भिंतीवर कानस फिरवली तर भिंत गुळगुळीत लागली. सिमेंट तिथे कधी चिकटलंच नसावं. मी सगळं साफ करून आत औषधाचा बोळा ठेवला आणि तिला पुन्हा यायला सांगितलं. ती म्हणाली, दुखत नव्हतं तर एवढं उकरलंस कशाला?

त्यानंतर माझं लक्ष जायला लागलं. जुने पेशंट दुसऱ्याच कशासाठी तरी यायचे, आणि सरांनी भरलेल्या दाताच्या मुळाशी पुळी नाहीतर फुगवटा सापडायचा. दुखत नसायचं, म्हणून कोणी सांगायचं नाही. कधी मधे सरांची पूड संपली म्हणून मुंबईहून आणलेली साधी पूड वापरली होती, असे काही दात होते. ते मला बहुतेक चांगले दिसले. हे सगळं मी घरी जाताना डोक्यात घोळवत राही, आणि घरी पोचलं की बाबांच्या अंथरुणापुढे विसरून जाई. खरं तर विसरायलाच बरं वाटायचं. सरांना काय सांगणार, आणि सांगून पुढे काय?

तरी एका दुपारी वीज गेलेली असताना मी काम काढलं. उपटलेल्या दातांची आमच्याकडे एक बरणी होती. त्यातले एकमुळी दात निवडून मी साफ केले आणि तीन तऱ्हांनी भरले. काही नुसत्या झिंक ऑक्साइडने, काही राळ घातलेल्या पुडीने, आणि काही सरांच्या बाटलीतल्या पुडीने. बाजारातून नेलपॉलिश आणून दाताला बाहेरून लावलं, फक्त मुळाचं टोक मोकळं ठेवलं. मग निळी शाई भरलेल्या छोट्या बाटल्यांत दात बुडवून त्या मागच्या खिडकीत ठेवल्या. सिमेंट आणि भिंत यांच्यामध्ये फट असेल तर शाई टोकातून वर चढणार. कॉलेजात असलं काम चाललेलं मी पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं.

सरांनी बाटल्या पाहिल्याच. लोणचं घातलंयस की काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं. कोणत्या बाटलीत काय आहे तेही सांगितलं. माझा आवाज बारीक झाला असणार, कारण ते म्हणाले, मोठ्याने सांग.

मी मोठ्याने परत सांगितलं. मला वाटलं आता रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसून सोडून देतील. त्यांनी खिडकीतून सगळ्या बाटल्या उचलल्या आणि मोरीत ओतल्या.

"हे परत करू," ते म्हणाले. "माझी पूड तुझ्या हाताने भरलीस आणि ती गळली, तर तू म्हणशील पूड वाईट, मी म्हणेन तुझा हात वाईट. माझ्या पुडीचे दात मी भरतो. बाकीचे तू भर."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघं खिडकीजवळ बसून मेलेले दात भरत होतो. त्यांचा उजवा हात तेव्हा थोडा थरथरायला लागला होता. दात हातात आला की थरथर थांबायची. त्यांनी प्रत्येक दात एखाद्या जिवंत माणसाचा असावा इतक्या निगुतीने भरला. मी तितकी काळजी घेतली नाही. मला घाई होती, आईला बरं नव्हतं आणि बाबांना पाठीवर जखम झाली होती.

बाटल्या पुरता पावसाळा खिडकीत राहिल्या. तोंडवलीची बाई अधूनमधून येऊन आतला बोळा बदलून घ्यायची. मासेमारी बंद असल्याने तिला तेव्हा वेळ होता. पुळी सुकत आली होती.

पाऊस उघडल्यावर सरांनीच आठवण केली. आम्ही दात शाईतून काढले, धुतले, आणि छिन्नी लावून एकेक उभा फोडला. नुसत्या पुडीच्या दातांत शाई थोडी वर चढली होती. राळेच्या पुडीच्या दातांत ती टोकाशीच अडली होती आणि सिमेंट भिंतीवरून खरवडून काढावं लागलं. सरांनी भरलेल्या दातांत शाई वरपर्यंत गेली होती. एक दात फोडला तेव्हा आतलं सिमेंट कांडीसकट कपच्यासारखं टेबलावर पडलं. भिंत आतून निळी, आणि साफ.

मला जे काही आठवत होतं ते मी बोलत राहिले. बहुतेक शांतता नको होती म्हणून. लवंगेचा अर्क झिंकच्या कणांशी जुळतो तेव्हा सिमेंट घट्ट होतं. गोळीची पूड त्याच्याशी जुळत नाही, नुसती मधे पडून राहते. पुढे मुळातल्या ओलीने विरघळून गेली की तिच्या जागी भोकं राहतात. फॉर्मालिनची वाफ होते, तीही जाताना जागा सोडून जाते. राळ धरून ठेवायचं काम करते, पण या दोघांपुढे तिचं काही चालत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना यातलं नवं काही नसावं. ते कपचा बोटांत धरून चुरत होते आणि तो सहज चुरला जात होता.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. दवाखाना नवा होता तेव्हा खाडीपलीकडच्या एका माणसाची दाढ त्यांनी मुळातून भरली होती, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. त्या रात्रीपासून ती ठणकायला लागली. पावसाने खाडीतली तरीची होडी बंद. माणसाला यायला होईना. कळ सोसेना म्हणून त्याने पकडीने ती दाढ स्वतः उपटायला घेतली, ती मोडली, आणि होडी सुरू झाली तेव्हा तो आला तो सुजलेल्या गळ्याने, श्वास घेता येत नव्हता. सरांनी त्याला जीपमधून मोठ्या इस्पितळात नेलं. तो वाचला. पण त्याची बायको दवाखान्यात येऊन सरांकडे नुसती बघत बसली होती, आणि तिने काही विचारलं नाही. त्यानंतर सरांनी बाटली भरायला सुरुवात केली.

एवढं सांगून झाल्यावर ते पहिल्यांदाच माझ्याशी मालवणीत बोलले. "माका वाटलां, दुखणां थांबलां म्हणजे काम झालां."

त्यांनी तपकिरी बाटली रिकामी करून धुतली आणि दुपारचे पेशंट बघायला गेले.

मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. पुढे काय ते मला दिसत होतं, आणि तसंच झालं. सरांनी ठरवलं की जुना पेशंट कशासाठीही आला तरी त्याचा भरलेला दात तपासायचा, आणि मूळ खराब दिसलं तर सरळ सांगून परत करून द्यायचं. लोकांना हे पटेना. जो दात दुखत नाही तो उघडायचा कशाला? काही जण हसून उठून जायचे. काही जणांना वाटायचं, धाकल्या डॉक्टरणीने थोरल्यांच्या डोक्यात काहीतरी भरवलं. आणि जे तयार व्हायचे त्यांचा दात आम्ही खरवडून, धुऊन, राळेच्या पुडीने भरला की तो दोन रात्री ठणकायचाच. मग ते सगळीकडे सांगत फिरायचे. जुनं सिमेंट उकरणं नवं भरण्यापेक्षा कष्टाचं असतं. दिवसभर मान वाकवून मी दुसऱ्याने भरलेलं बाहेर काढत होते. सरांची नजर आता मुळाच्या आत पोचत नव्हती, त्यामुळे ते बहुतेक माझ्याच वाट्याला यायचं. घरी गेल्यावर बाबांना उचलताना खांद्यातून कळ जायची. आईला मी ते सांगितलं नाही.

तोंडवलीच्या बाईचा सुळा मी त्याच दिवसांत कायमचा भरला. राळेची पूड, कांडी, वर पक्कं भरण. दोन दिवसांनी सकाळी ती आली ती टोपलीसकट आत. बाहेरच्या बाकावर माणसं भरलेली होती. गाल सुजला होता, डोळे तांबडे झाले होते. तिने मला सगळ्यांसमोर सुनावलं.

"दोन रात नीज नाय माका. थोरल्या डॉक्टरांनी भरल्यानी तेव्हा एक रात दुखूक नाय. तुझ्या हाताक गुण नाय गो बाय. बरो होतो तो दात, तो तू उकरलंस."

खरं सांगायचं तर भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. तिला सांगायचं तर सरांचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि बाकावर बसलेले सगळे कान देऊन ऐकत होते.

सर पडदा सारून बाहेर आले. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग तेही उभे राहूनच बोलले, बाकावरच्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

"दात तिना बिघडवूक नाय. मी बिघडवलंय. मी आत घातललां ता धरूक नाय. दुखू नये म्हणान मी त्यात औषध मिसळी, आणि त्या औषधानच सिमेंट सुटलां. तुज्या एकटीचा नाय, बऱ्याच जणांचा."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"मगे इतकी वर्सां माका सांगूक नाय कित्याक?"

"माकाच म्हायत नव्हतां."

तिने पदराने गाल दाबून धरला. मग तिने एवढंच विचारलं, की हे दुखणं कधी थांबणार. सर म्हणाले, आज रात्रीपासून कमी होईल, आणि नाही झालं तर उद्या परत ये, मी असेन. ती म्हणाली, उद्या आठवड्याचा बाजार आहे. मी तिला गोळ्या दिल्या. तिने टोपली उचलली आणि ती मासळी विकायला गेली. दुपारी बाजारातून तिचा आवाज आला नाही. सरांनी दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. पंधरवड्याने आली, गाल बसलेला होता आणि हिरडी सपाट. खारट लागायचं थांबलं म्हणाली. मला बरं वाटलं, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. ती सरांना सांगत होती.

त्या दिवशी बाकावर बसलेल्यांपैकी काही जण नंतर आपले जुने दात तपासून घ्यायला आले. बरेच आले नाहीत. कुडाळला एक नवा दवाखाना निघाला होता, तिथे इंजेक्शन देऊन अजिबात न दुखवता करतात असं लोक म्हणत. आमची गर्दी उतरली. सरांना त्याचं फारसं काही वाटलं नसावं. त्यांची थरथर वाढली होती. पुढे ते फक्त येऊन बसू लागले, तोंडं बघू लागले, आणि काम मी करायची. एका वर्षी ते बेळगावला मुलीकडे राहायला गेले. दवाखाना माझ्याकडे आला. बाबा त्याआधीच्या उन्हाळ्यात गेले होते. मुंबईला परत जायचं का, असं आईने एकदा विचारलं. मी म्हटलं, बघू. पुढे तिनेही विचारलं नाही.

आणखी काही वर्षांनी पुढच्या दातांना लावायचं नवं पांढरं भरण आमच्यापर्यंत पोचलं. दाताच्या रंगाचं, दिव्याच्या उजेडाने घट्ट होणारं. मी हौसेने घेतलं. एका शाळामास्तरांचा पुढचा दात मुळातून भरला आणि वर ते लावलं. ते आठवड्याच्या आत निघून आलं. परत लावलं, परत निघालं. खालचा थर कच्चाच राहत होता. मग कुठेतरी वाचनात आलं, की लवंगेचा अर्क जिथे लागलेला असतो तिथे हे भरण घट्टच होत नाही. म्हणजे आमच्या साध्या, चांगल्या सिमेंटमुळेच ते सुटत होतं.

सर त्या वर्षी कुणकेश्वरच्या देवदर्शनाला आले होते, जाता जाता दवाखान्यात डोकावले. मी त्यांना हे सांगितलं. ते खूप हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, यावर काय करतेस?

मी सांगितलं, वरचं सिमेंट सगळं खरवडून काढते. स्पिरिटने पुसते. मधे दुसऱ्या सिमेंटचा थर देते, आणि तो बसेपर्यंत थांबते. पांढरं भरण नंतर.

"म्हणजे पेशंटाला परत यावं लागणार."

"हो."

"येतात?"

"काही येतात," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चहा आला होता, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. त्यांची गाडी अर्ध्या तासाने होती. मी त्यांना स्टँडवर सोडायला निघाले, तर ते म्हणाले, नको, तुझा पेशंट खुर्चीत बसलाय. मास्तर खरंच खुर्चीत बसले होते, तोंड उघडं ठेवून. मी हात धुतले आणि खरवडायला घेतलं.